आधी कान, मग बॅग

बेटा, तू मालदीवच्या बोटीचे पैसे भरून बसली असं तुझी आजी सांगत होती. आठवडाभर बोटीवरच झोपायचं, तिथंच जेवायचं, दिवसातून तीनदा पाण्याखाली जायचं. सिंदी मेघेत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. निम्म्या लोकांनी मला विचारलं, पोरीला भीती वाटत नाही का. उरलेल्यांनी विचारलं, केवढ्यात पडते. दोन्हींचं उत्तर तुझं तू दे. मी नौदलात पाणबुड्या होतो, कोचीच्या डायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो अन् निवृत्त झाल्यावर समुद्रापासून जमेल तितक्या लांब घर बांधलं. सांगतो ते वहीत उतरव. फोनमध्ये नको, बोटीवर फोन सतत चार्जिंगला असतात अन् चार्जिंगबद्दल मला पुढं बोलायचंच आहे.

आधी कान. तू आत्तापासून बॅग भरून राहिली, पण कान दाखवले का? सेवाग्रामला जा नाहीतर सावंगीला, दोन्हीकडं कान-नाक-घशाची ओपीडी आहे. मळ साठला आहे का, पडदा धड आहे का, नाकाचं हाड वाकडं आहे का, एवढं बघून घ्यायचं. पाण्यात दहा मीटर खाली गेलं की दाब जमिनीवरच्या दुप्पट होतो, वीस मीटरवर तिप्पट. पटीत मोजलं तर सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडतो, म्हणून कान जास्त करून तिथंच दुखतात, खोल गेल्यावर कमी. नवशिक्याला वाटतं, अजून कुठं खोल गेलो, थोडं दुखू दे. दुखलं म्हणजे उशीर झाला. कान दुखायच्या आधी मोकळे करायचे, पाण्यात शिरल्याशिरल्या, मग हातभर खाली गेलं की पुन्हा, पुन्हा. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर, नाहीतर आवंढा गिळायचा. जोर लावायचा नाही. जोरानं आतल्या कानाला इजा होते अन् ती कधी कधी भरून येत नाही. एखादा कान अडला तर मीटरभर वर ये, मोकळा कर, मग खाली जा. तरी नाही झाला तर वर निघून ये. बाकीचे पुढं गेले तर जाऊ देत. हे सगळं आत्तापासून घरी बसल्या बसल्या रोज करत राहा, म्हणजे तिथं आठवावं लागणार नाही.

सर्दी असेल तर डाइव्ह नाही. नाक मोकळं करायची गोळी घेऊन उतरते असं कोणी सांगेल, ते ऐकू नको. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच उतरला तर खाली जाताना उघडलेला कान वर येताना बंद होतो. खाली जाताना कान अडला तर फार तर ती डाइव्ह बुडते, पण वर येताना अडला तर वर यावंच लागतं, हवा संपत असते. आमच्या तुकडीतल्या एका पोरानं सर्दी लपवली होती. त्याचा पडदा फाटला, अन् थंड पाणी मधल्या कानात गेल्यावर त्याला वर कुठं अन् खाली कुठं तेच कळेना. शेजारी जोडीदार होता म्हणून वर आला.

बोटीवर चढताना एक वैद्यकीय फॉर्म देतील. दमा, फिट, हृदय, कान, चालू असलेल्या गोळ्या. सगळ्या चौकोनांत ‘नाही’ लिहिलं की काम सोपं होतं, म्हणून बरेच जण डोळे झाकून तेच लिहितात. तू खरं लिही. एखाद्या ठिकाणी ‘हो’ आलं तर डॉक्टरचा दाखला इथूनच घेऊन जा. तिथं ऐनवेळी डॉक्टर मिळत नाही अन् पैसे परत मिळत नाहीत. विम्याचंही तसंच. प्रवासाच्या पुष्कळ पॉलिसींत स्कूबा वगळलेलं असतं, बारीक अक्षरात. डायव्हिंगचा वेगळा विमा काढ, त्यात दाबाच्या चेंबरचा अन् बोटीवरून न्यायचा खर्च धरला आहे का ते वाच.

पोहणं तुला येतं, पण शेवटचं कधी पोहली? आमच्या वेळी विहिरीत ढकलून शिकवत, नाहीतर पवनारला धामेत. तुला तसं करायची गरज नाही. वर्ध्यातल्या तलावावर जा, न थांबता दोनशे मीटर अन् मग दहा मिनिटं हातपाय न झाडता तरंगणं, एवढं सहज झालं पाहिजे. डायव्हिंगच्या कोर्सच्या वेळी हे केलं होतंस. पण कार्ड मिळून किती दिवस झाले ते पाहा. सहा महिन्यांहून जास्त झाले असतील तर थेट मालदीवला जाऊ नको, आधी तारकर्लीला दोन दिवस जाऊन उजळणी कर. एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत खोल तलाव आहे. मास्कमध्ये पाणी घेऊन काढणं, रेग्युलेटर तोंडातून सोडून परत धरणं, हे तिथं शिक्षकासमोर पुन्हा पुन्हा कर.

अन् मग मालवणच्या समुद्रात उतर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे. 1987 मध्ये तिथं सागरी अभयारण्य झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं. पाणी मालदीवसारखं निळं नाही, चार-पाच मीटरांपुढं दिसेलच असं नाही, म्हणून लोक नाकं मुरडतात. मला उलट वाटतं. गढूळ पाण्यात जो शांत राहायला शिकला त्याला स्वच्छ पाण्यात कशाची घाई होत नाही. तिथं किनाऱ्यावर ‘स्कूबा’ म्हणून जे मिळतं, दहा-पंधरा मिनिटं कोणीतरी मानगूट धरून फिरवतो अन् व्हिडिओ काढून देतो, ते मजेला ठीक आहे. त्याला उजळणी समजू नको. अन् होडीत बसल्यावर लाइफ जॅकेट अंगात घाल, मांडीवर ठेवू नको. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीला स्कूबा करून परतणारी होडी उलटली, दोन पर्यटक गेले. पाण्याखालून सुखरूप वर आलेली माणसं होती ती.

तू मागं विचारलं होतं, आपल्या महाराष्ट्राचा एवढा मोठा प्रवाळ असताना मालदीव काहून? तुझं म्हणणं आंग्रिया बँकेबद्दल होतं. विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरहून जास्त पश्चिमेला, भर समुद्रात बुडालेलं पठार, चाळीस किलोमीटर लांब अन् पंधरा रुंद, नाव कान्होजी आंग्र्यांवरून. 2019 च्या डिसेंबरात शास्त्रज्ञ ‘सागर संपदा’ या संशोधन जहाजावर राहून तिथं उतरले होते. आपल्याकडचं बोटीवर राहून डायव्हिंग म्हणायचं तर ते हेच. पण त्या पठाराचा माथाच वीसेक मीटर खोल आहे. उथळ जागा नाही, बेट नाही, वारा फिरला तर आडोसा नाही. तिथं सराव करायला जात नाहीत, सराव झालेली माणसं जातात. मालदीवच्या बोटी रात्री अटॉलच्या आत, प्रवाळाच्या कड्यामागं नांगर टाकतात. आठवडाभर रोज शांत पाण्यात झोप मिळणं ही नवख्या माणसासाठी मोठी गोष्ट आहे.

आता बोट. तू तिच्या वेबसाइटवरचे फोटो पाहिले असतील, डेकवरचा जकुझी पाहिला असेल. मी चार गोष्टी विचारल्या असत्या. रात्री सगळे झोपल्यावर कोणी खलाशी जागा असतो का? खालच्या केबिनांतून बाहेर पडायला दोन वाटा आहेत का, अन् त्या दोन वेगळ्या ठिकाणी निघतात का? बोटीवर ऑक्सिजन किती तास पुरेल? जवळचं दाबाचं चेंबर कुठं? (मालेजवळ बांडोस बेटावर आहे.) 2019 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाजवळ ‘कन्सेप्शन’ नावाची डायव्हिंगची बोट पहाटे जळाली. चौतीस माणसं खाली अडकून गेली. बाहेर पडायला दोन वाटा होत्या, पण दोन्ही वरच्या त्याच खोलीत निघत होत्या जिथं आग लागली होती, अन् पहारा कोणाचाच नव्हता. आगीचं नक्की कारण सापडलं नाही. पण त्या खोलीत सगळ्यांचे फोन, कॅमेरे अन् टॉर्चच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या होत्या. 2024 च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रात ‘सी स्टोरी’ बुडाली. काही जण उलटलेल्या बोटीच्या केबिनमध्ये दिवसाहून जास्त काळ अडकून राहिले अन् वाचले.

हे घाबरवायला सांगत नाही. पहिल्या दिवशी सामान ठेवलं की आपल्या बिछान्यापासून बाहेरच्या डेकपर्यंत डोळे मिटून हात फिरवत चालून बघ, दोन्ही वाटांनी. हसतील, हसू दे. लाइफ जॅकेट कुठं आहे ते पाहून काढून घालून बघ. बॅटऱ्या दिवसा, आपण जागे असताना, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चार्ज कर. रात्री लावून झोपायचं नाही, केबिनमध्ये तर मुळीच नाही. रात्रपाळीचा खलाशी खरंच जागा असतो का हे एकदा दोन वाजता पाणी प्यायच्या निमित्तानं उठून पाहून घे. झोपलेला सापडला तर सकाळी कॅप्टनला सांग, चारचौघांत नाही, एकट्याला.

सामान कमी. सुटकेस नको, घडी पडणारी बॅग ने. केबिनमध्ये रिकामी सुटकेस ठेवायला जागा नसते अन् आठवडाभर तिला लाथ बसत राहते. मास्क स्वतःचा असावा, तुझ्या तोंडाला बसलेला. डाइव्ह कॉम्प्युटर स्वतःचा, भाड्याचा नको, अन् तो कसा वाचायचा ते इथं सिंदीत बसून पुस्तिका उघडून शिक. नारिंगी सॉसेज, म्हणजे वर सोडायचा तो लांबट फुगा, अन् एक शिट्टी. बाकी बीसीडी, म्हणजे हवा भरायचं जॅकेट, रेग्युलेटर, वेटसूट बोटीवर भाड्यानं मिळतात, ओझं कशाला? सुट्या लिथियम बॅटऱ्या अन् पॉवर बँक विमानात हातातल्या बॅगेत. दारू त्या देशात न्यायची नाही. तू पीत नाहीस ते बरंच आहे, पण कोणाची बाटली ‘बॅगेत ठेव ना’ म्हणून घेऊ नको. शाकाहारी आहेस हे बुकिंगच्या वेळी लिहून कळव, चढल्यावर नाही. आजी जवसाची चटणी देईलच. डबा घट्ट झाकणाचा घे. जवसाचं तेल वेटसूटला लागलं तर आठवडाभर वास जात नाही.

बोट लागणं. तुला आंबोलीच्या वळणावर गाडी लागते म्हणजे बोटही लागू शकते, मान्य करून चल. गोळी डॉक्टरला विचारून घे अन् रवाना व्हायच्या आधी घे, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. काही गोळ्यांनी लय झोप येते. त्या घेऊन पाण्यात उतरणं बरं नाही, म्हणून गोळी इथंच एकदा घेऊन पाहा, आपल्याला काय होतं ते. बोटीच्या मधोमध, बाहेरच्या वाऱ्यात बस, नजर दूर क्षितिजावर ठेव. खाली केबिनमध्ये डिझेलच्या वासात फोन बघत बसलं की झालंच. पोट रिकामं ठेवायचं नाही. आलेपाक जवळ ठेव. लागलीच तर लाजू नको, फक्त वाऱ्याकडं तोंड करू नको.

पाणी. हे सगळ्यात कमी लोक ऐकतात. सिंदीत मे महिन्यात तू पाणी पितेस कारण घाम दिसतो. बोटीवर वारा घाम वाळवून टाकतो, सिलिंडरमधली हवा कोरडी असते, अन् पाण्यात उतरलं की लघवी जास्त होते. दिवसाला तीन डाइव्ह केल्यावर माणूस वर्ध्याच्या उन्हात राबल्यासारखा सुकतो अन् त्याला पत्ता नसतो. सुकलेल्या अंगाला दाबाखाली मुरलेल्या नायट्रोजनचा त्रास जास्त होतो. लघवीचा रंग बघत जा. ओआरएसची पाकिटं ने.

बोटीवरच्या रोजच्या वागण्याचं फार सांगायला नको. चपला पहिल्या दिवशी टोपलीत जातात, त्या शेवटच्या दिवशी मिळतात. गोडं पाणी बोटीवरच समुद्राच्या पाण्यातून करतात, शॉवर लांबवू नको. संडासात कागद टाकायचा की नाही ते विचारून घे. कॅमेऱ्याच्या टाकीत मास्क बुडवू नको. पुढच्या वर्षी तुला शिडाच्या बोटीवर जायचं आहे म्हणालीस, तर तिथं आणखी तीन: चालत्या बोटीवर एक हात कायम कशाला तरी धरलेला असावा, दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवायचा नाही, अन् शिडाखालचा आडवा वासा वारा बदलला की डोक्याच्या उंचीनं सर्रकन फिरतो, तिथं उभं राहायचं नाही. बोलाइनची गाठ शिकून ठेव. डोळे मिटून, एका हातानं बांधता आली पाहिजे.

कालनिर्णय बॅगेत टाक. हसू नको. कोकणातले तांडेल तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला भरती पूर्ण. मालदीवला ते तास जुळणार नाहीत, तिथं भरती-ओहोटीतला फरकही मीटरभराचाच. पण पुनव-अवसेला उधाण अन् अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती, हे सगळीकडं सारखंच आहे. तिथं अटॉलमध्ये जी खिंड असते, तिला ते कांडू म्हणतात, तिच्यातून समुद्राचं पाणी आत-बाहेर करतं. उधाणाच्या दिवसांत ते जोरात ओढतं. मोठे मासे त्याच ओढीला येतात, म्हणून गाइडही तुला तिथंच नेणार. तुझा आठवडा पुनवेवर पडला असेल तर पहिल्या दोन दिवसांत कांडूत उतरायचं की नाही याचा विचार आधी करून ठेव.

पहिली डाइव्ह सोपी असते, तपासणीची. ती उरकून टाकायची नाही. तिथं वजनं बरोबर करून घे. सिलिंडर संपत आल्यावर, पाच मीटरवर, बीसीडी रिकामं असताना स्थिर राहता आलं पाहिजे. जास्त वजन लावलं की सतत हवा भरावी लागते, हवा लवकर संपते अन् माणूस प्रवाळावर आपटतो. प्रत्येक वेळी पाण्यात जायच्या आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा आहे का ते स्वतः बघ अन् दाबमापकाकडं डोळे ठेवून रेग्युलेटरमधून चार श्वास घे. काटा हलला तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेतलं तर ऑक्सिजनचं प्रमाण स्वतः मोजून वहीत सही कर. बत्तीस टक्क्यांच्या सिलिंडरनं चौतीस मीटरखाली जायचं नसतं. तिथला कायदा तसाही तीस मीटरवर थांबवतो. गाइड खोल गेला तर त्याला जाऊ दे. तो चांगला माणूस असेल, पण तुझ्या कॉम्प्युटरवरचे आकडे त्याला दिसत नाहीत.

हवा अर्धी झाली की गाइडला खूण कर. ‘आणखी पाच मिनिटं’ कधी करायचं नाही. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं, श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. तुला हे पाठ आहे, परीक्षेत लिहिलं होतंस. पण भीती वाटली की माणूस पहिली गोष्ट करतो ती श्वास रोखण्याची. म्हणून भीती वाटेल तेव्हा बुडबुडे सोडत राहायचं, एवढंच एक लक्षात ठेव.

सॉसेज खालून वर सोडायला शिक, नुसतं बॅगेत ठेवून उपयोग नाही. कांडूतल्या प्रवाहात माणूस बोटीपासून कुठच्या कुठं निघतो अन् लाटांत डोकं दिसत नाही. वर आल्यावर धोणी, म्हणजे न्यायला येणारी छोटी होडी, येईपर्यंत बीसीडी फुगवून, मास्क तोंडावर ठेवून तरंगायचं. अन् धोणीत चढल्यावर आपलं नाव मोजणीत लागलं का ते स्वतः ऐकायचं. 1998 च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफवर एका बोटीनं माणसं चुकीची मोजली अन् एक अमेरिकन जोडपं समुद्रातच राहिलं. दोन दिवसांनी त्यांची बॅग बोटीवर सापडली तेव्हा कळलं. जोडपं कधीच सापडलं नाही.

चौथा दिवस वाईट. पहिले दोन दिवस उत्साहात जातात, तिसऱ्या दिवशी हात बसतो, चौथ्या दिवशी अंग शिणलेलं असतं, झोप तुटलेली असते, नायट्रोजन साठत गेलेला असतो, अन् माणसाला वाटतं आता आपल्याला सगळं येतं. बहुतेक मूर्खपणे चौथ्या-पाचव्या दिवशी झालेले मी पाहिले आहेत. म्हणून मी तुला आत्ताच सांगून ठेवतो, चौथ्या दिवशीची दुपारची डाइव्ह सोडायची. कारण द्यायचं नाही. पैसे भरले, परत कधी येणार, खाली मांटा मासा आला तर, हे सगळं डोक्यात येईल. पाणी पी, झोप. संध्याकाळी सगळे मांटाच्या गोष्टी सांगतील, त्या ऐक. नौदलात डाइव्ह नाकारणाऱ्या पोराला आम्ही भित्रा म्हणत नव्हतो; त्याला आम्ही पुढच्या वेळी जोडीदार म्हणून निवडायचो. सांधा दुखला, कातडीवर चट्टे उठले, हात सुन्न झाला, विचित्र थकवा आला तर ‘झोप कमी झाली असेल’ म्हणायचं नाही, लगेच सांगायचं अन् ऑक्सिजन लावून घ्यायचा. लोक हे लपवतात कारण बाकीच्या डाइव्ह बंद होतील. होतीलच, अन् व्हायलाच पाहिजेत.

आता प्रवाळ. बोंडं फुटलेल्या उभ्या कपाशीतून एक झाड न हलवता चालायचं, तसं त्याच्यावरून जायचं. गुडघे वाकवून, फिन वर ठेवून, हात छातीशी. प्रवाळ दगड दिसतो, पण वरच्या पातळ थरात जिवंत जीव असतात, अन् त्यांच्या पेशींत राहणाऱ्या शेवाळावर ते जगतात. पाणी जास्त दिवस तापलं की शेवाळ निघून जातं अन् प्रवाळ पांढरा पडतो. 1998 मध्ये मालदीवचा उथळ प्रवाळ बहुतेक असाच गेला होता. 2016 अन् 2024 मध्ये पुन्हा पांढरा पडला, आपल्या लक्षद्वीपचाही. तुला दिसेल त्यातला बराचसा त्यानंतर वाढलेला, म्हणजे वयानं तुझ्याहूनही लहान आहे. सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाल. प्रवाहात स्वतःला अडकवायला हुक लावायची वेळ आली तर फक्त मेलेल्या दगडाला. मालदीवमधल्या हनिफारूला गेलात तर तिथं सिलिंडर घेऊन उतरायला बंदी आहे, फक्त स्नॉर्केल. अन् काही उचलून आणायचं नाही, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. आपल्याकडं प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या ओळीत. काकूला शोकेसमध्ये ठेवायला हवा असेल तर तिला तसं सांग.

टायटन ट्रिगरफिश नावाचा एक मासा आहे, पिवळसर-हिरवा, दातांचा. वाळूत घरटं करतो अन् अंड्यांवर असला की चावायला येतो. तो आपली जागा राखतो ती घरट्यापासून वर शंकूसारखी पसरलेली असते. म्हणून वर पळायचं नाही, आडवं, पाठीवर, फिन त्याच्याकडं करून निघायचं. शार्कपेक्षा याच्यापासून जप. लायनफिश, स्टोनफिश टोचला तर हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-एक तास बुडवून ठेवायचं, मग डॉक्टर. प्रवाळानं खरचटलं तर लहान म्हणून सोडू नको. त्या दमट हवेत लगेच पिकतं.

शेवटच्या डाइव्हनंतर विमानात बसायला कमीत कमी अठरा तास जाऊ दे, चोवीस गेले तर बरं. बोटवाले हिशेब ठेवतात, पण तिकीट तू काढतेस, म्हणून ते आधी बघ. तारकर्लीच्या उजळणीलाही हाच नियम. तिथून दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी आंबोली किंवा फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठायचं, असं लोक सर्रास करतात. आंबोली सातशे मीटरांच्या आसपास आहे. नुकत्याच वर आलेल्या अंगाला तेवढी चढणही पुरते. रात्र मालवणात काढ, मासे तू खात नाहीस पण सोलकढी आहे, सकाळी निघ. कोकण रेल्वेनं मुंबईला येऊन वर्ध्याची गाडी धरायची असली तरी कसारा घाट मध्ये आहेच, पण तोवर पुरेसे तास गेलेले असतात.

खलाशांसाठी बक्षिसाचे डॉलर वेगळ्या पाकिटात काढून ठेव, शेवटच्या संध्याकाळी द्यायचे असतात. सिलिंडर भरणारा पोरगा त्या यादीत विसरू नको.

परत आल्यावर मास्क, फिन, कॉम्प्युटर गोड्या पाण्यात रात्रभर भिजव. आपल्या बोअरचं पाणी जड आहे, त्यात भिजवलं की पांढरे डाग धरतात, नळाचं घे. वाळत घालायचं ते गच्चीवर नाही, जिन्याखाली. सिंदीच्या उन्हात मास्कचं सिलिकॉन पिवळं पडतं अन् पट्टा ताणला की तुटतो.